तो हुंकार कुणाचा?

मागच्या अंकात मी लेकीकडे शिकागोला गेले असताना घेतलेल्या एका जुन्या तबकडीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. ७ इंची, ४५ फेऱ्यांची तबकडी, मधोमध ते भलंमोठं भोक, आणि लेबलवर गायक म्हणून सिल जॉन्सन हे नाव. या अमेरिकन माणसाला मी ‘गायक आणि निर्माता’ म्हटलं होतं. ओळी चारच होत्या, पण पत्रं ढीगभर आली. रेडिओच्या ध्वनिमुद्रण कक्षात मी ३१ वर्षं काढली, तेव्हा अशा विषयावर कुणी विचारलं की मला राहवत नाही. म्हणून या वेळचा सगळा रकाना सिल जॉन्सनचा.

नाशिकहून एक विद्यार्थी लिहितो: ताई, मी लॅपटॉपवर बीट्स बनवतो. एका अमेरिकन रॅप गाण्यात ड्रमच्या मध्येच ‘हंऽ’ असा एक आवाज येतो. मित्र म्हणतात तो जेम्स ब्राऊन या गायकाचा. मला वाटतं तुम्ही लिहिलेत तो हाच माणूस. पैज लागली आहे.

पैज तू जिंकलास. गाण्याचं नाव ‘डिफरंट स्ट्रोक्स’, साल १९६७. सुरुवातीलाच ड्रमचा मोकळा ठेका आहे, त्यावर सिलचा तो हुंकार आणि पाठीमागे एका बाईचं हसणं. मूळ गाण्यात हे सगळं काही क्षणांचंच. पण त्या क्षणांत दुसरं कुठलंही वाद्य नाही, आणि रॅपवाल्यांना हवी असते ती हीच मोकळी जागा. ती उचलायची, पुन्हा पुन्हा फिरवायची आणि वर आपले शब्द घालायचे. पब्लिक एनिमी या रॅप गटाने १९८९ साली ‘फाइट द पॉवर’मध्ये ती वापरली. त्याच्या आधीही कुणीकुणी वापरली आणि नंतर तर रांगच लागली.

मित्रांची चूक समजण्यासारखी आहे. त्या काळात असा हुंकार दिला की लोकांना जेम्स ब्राऊनच आठवायचा. पण एकदा हेडफोन लावून दोन्ही एकामागून एक ऐक. जेम्स ब्राऊनचा हुंकार हुकमासारखा येतो, वादकांना इशारा दिल्यासारखा. सिलचा हुंकार पोटातून येतो, जड पेटी उचलताना माणसाच्या तोंडून निघतो तसा. मी लेकीच्या घरी तो भाग निदान २० वेळा ऐकला असेल. हुंकार संपता संपता श्वास परत आत घेतल्याचा बारीक आवाज आहे असं मला वाटतं. संगणकावर कापताना बहुतेक जण तो श्वास कापून टाकतात. तू कापू नकोस.

मिरजेहून एक तबलाशिक्षक: ‘सोल’ म्हणतात ते नेमकं काय? आमच्या कानांना सगळा ठेका उलटा पडल्यासारखा वाटतो.

सर, उलटा नाही, वजन सरकलेलं आहे. केरवा डोळ्यांपुढे आणा. ८ मात्रा. समेवर आपण वजन देतो, पाचव्या मात्रेवर खाली. आता पायाने वाजवायचा मोठा ड्रम समेवर राहू द्या, पण जोराची थाप तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर टाका. म्हणजे ‘धा गे ना ति’ मधल्या ‘ना’वर आणि ‘न क धि न’ मधल्या ‘धि’वर. तिथेच टाळी द्या आणि दोन मिनिटं थांबू नका. शरीर आपोआप झुलायला लागेल. अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या चर्चमध्ये टाळी अशीच पडते. तिथलं गाणं, तिथली साद-प्रतिसाद देण्याची रीत आणि आवाज फाटेपर्यंत वर नेण्याची मुभा, हे सगळं चर्चच्या बाहेर आलं, प्रेमाबद्दल, पैशाबद्दल, अन्यायाबद्दल बोलायला लागलं, आणि त्याला सोल म्हणू लागले.

शहराशहरात वजन बदलतं, घराण्यासारखं. शिकागोचं सोल जरा धावरं, पितळी वाद्यांनी चमकणारं. मेम्फिसचं आळसावलेलं, थाप केसभर मागे रेंगाळणारी. सिल जॉन्सन दोन्ही ठिकाणी गायला, म्हणून फरक ऐकायला तो फार सोयीचा. मेम्फिसच्या रॉयल स्टुडिओत हॉवर्ड ग्राइम्स नावाचा ड्रमवादक होता. त्याची थाप ऐका म्हणजे मी ‘केसभर’ का म्हणाले ते कळेल. हा स्टुडिओ पूर्वी सिनेमाचं थिएटर होता, आणि प्रेक्षागृहाचा उतार तिथे तसाच राहिला.

ठाण्याहून एक वाचक भगिनी: तुम्ही त्यांना ‘गायक आणि निर्माता’ म्हटलं आहे. निर्माता म्हणजे पैसे घालणारा ना? मग गायकाने ते कशाला व्हायचं?

ताई, तुमच्या पत्राने मला सगळ्यात आनंद झाला, कारण मुद्दा इथेच आहे.

आपल्याकडे ‘निर्माता’ म्हटलं की सिनेमात पैसे घालणारा डोळ्यांसमोर येतो. रेकॉर्डच्या धंद्यातला प्रोड्यूसर वेगळा. गाणं कुठलं घ्यायचं, कुठल्या पट्टीत, वादक कोण बोलवायचे, ड्रम किती कोरडा ठेवायचा, सातव्यांदा गायलेलं घ्यायचं की दुसऱ्यांदा गायलेलं, कोरस किती मागे ठेवायचा, गाणं कुठे संपवायचं, हे सगळं तो ठरवतो. आपल्या सिनेसंगीतात हे काम संगीतकार, अरेंजर आणि ध्वनिमुद्रक यांच्यात वाटलेलं असायचं. सेबॅस्टियन डिसूझा, अनिल मोहिले यांच्यासारखे अरेंजर किती गाण्यांच्या पाठीशी उभे होते ते वादकांना ठाऊक होतं, श्रोत्यांपर्यंत मात्र संगीतकाराचंच नाव पोचलं.

आता सिलचं बघा. जन्म १ जुलै १९३६, मिसिसिपी राज्यात, होली स्प्रिंग्जच्या भागात. जन्मनाव सिल्व्हेस्टर थॉम्पसन. दक्षिणेतून हजारो काळी कुटुंबं उत्तरेला आली, तसं १९५० साली त्याचंही घर शिकागोला आलं. शेजारी मॅजिक सॅम नावाचा पोरगा राहायचा, तो पुढे ब्लूजचा नावाजलेला गिटारवादक झाला. सिलचा भाऊ मॅक त्याच्याकडे बास वाजवायचा. सिल स्वतः गिटार आणि माउथ ऑर्गन शिकला आणि ज्युनिअर वेल्स, बिली बॉय अरनॉल्ड अशांच्या साथीला बसू लागला. १९५९ साली जिमी रीडच्या ध्वनिमुद्रणात त्याने गिटार वाजवली आणि त्याच साली त्याची स्वतःची पहिली तबकडी निघाली, सिनसिनाटीच्या किंग कंपनीच्या फेडरल या शाखेकडून. तिच्यावर गिटारला फ्रेडी किंग. आणि तबकडी छापून आली तेव्हा तिच्यावर थॉम्पसन नव्हतं, जॉन्सन होतं. कंपनीने नाव बदललं, आणि मग तेच आयुष्यभर राहिलं.

हे वाचलं तेव्हा मी पुस्तक मिटून ठेवलं होतं. सांगते का ते. मी नोकरीला लागले त्याच्या तिसऱ्या वर्षी एका कार्यक्रमाची शीर्षकधून आमच्याकडे जोडायला आली. सतारीचे दोन तुकडे आणि पखवाजाचा एक, तिन्ही वेगवेगळ्या वेळी मुद्रित केलेले. स्पूल हाताने मागेपुढे फिरवून आवाज नेमका कुठे सुरू होतो ते शोधायचं, टेपच्या मागच्या बाजूला पिवळ्या खडूने खूण करायची, पितळी खाचेत टेप बसवून ब्लेडने तिरका काप द्यायचा आणि चिकटपट्टी लावायची. सरळ काप दिला तर ‘टक्’ असा आवाज येतो, म्हणून तिरका. ती धून ११ वर्षं रोज वाजली. सतारवादकाचं नाव पहिल्या आठवड्यात दोनदा घेतलं, मग तेही गेलं. माझं नाव कधी येणार नव्हतंच, तशी पद्धतच नव्हती. रोज सकाळी घरी ती धून लागली की माझी आई हातातलं काम थांबवून ऐकायची. कामाला नाव असणं म्हणजे काय ते मला तेव्हापासून माहीत आहे.

सिलने ते फार लवकर ओळखलं. १९६७ साली शिकागोत ट्वायलाइट नावाच्या लहानशा कंपनीकडून त्याचं ‘कम ऑन सॉक इट टू मी’ निघालं आणि काळ्या श्रोत्यांच्या आर अँड बी यादीत १२ व्या क्रमांकापर्यंत गेलं. नाव दुसऱ्या कुणी आधीच घेतलेलं निघाल्यामुळे कंपनीचं ट्वायनाइट झालं. तिथे तो फक्त गायक राहिला नाही. कंपनीत त्याचा वाटा होता, नवे कलाकार निवडणं त्याच्याकडे होतं आणि इतरांची गाणीही तो बनवायचा. द नोटेशन्स या शिकागोच्या गटाचं १९७० चं ‘आय’म स्टिल हिअर’ त्याच्या हातचं आहे. आवाज चार जणांचे, पण मधल्या जागा ज्या मोकळ्या सोडल्या आहेत त्या सिलच्या. पुढे त्याने शामा नावाची स्वतःची कंपनीही चालवली.

आणि मग ‘इज इट बिकॉज आय’म ब्लॅक’. साल १९६९. मार्टिन ल्यूथर किंगची हत्या होऊन वर्ष उलटलं होतं, शिकागोच्या वेस्ट साइडमध्ये जळालेल्या इमारतींच्या जागा अजून तशाच होत्या. ग्लेन वॉट्स आणि जिमी जोन्स यांच्याबरोबर त्याने हे गाणं रचलं. शीर्षकातच प्रश्न आहे: मी काळा आहे म्हणून का? साथीला पीसेस ऑफ पीस हा वाद्यवृंद. संथ बास, त्यावर गिटारचे तुटक, भिजलेले स्वर, मग आवाज. आवाज चढवायची त्याला मुळीच घाई नाही. मोर्चातल्या माणसासारखा तो ओरडत नाही. रात्री पायरीवर बसून शेजारच्याशी बोलावं तसा बोलतो, आणि बोलता बोलता एकदम गळा भरून येतो. मला रेकॉर्डिस्ट म्हणून विचाराल तर त्या गाण्यातला मोठा निर्णय लांबीचा आहे. ४५ फेऱ्यांच्या तबकडीवर साधारण तीन-चार मिनिटं नीट बसतात आणि रेडिओलाही तेवढंच हवं असायचं. सिंगलसाठी, म्हणजे या लहान तबकडीसाठी, त्याने गाणं आखूड केलं, पण मोठ्या तबकडीवर ते ७ मिनिटांहून लांब ठेवलं. दुसऱ्या कुणाच्या हातात ती टेप असती तर त्या शेवटच्या मिनिटांवर ब्लेड चाललीच असती, आणि गाण्याचा जीव तर तिथेच आहे. शब्द संपत येतात, प्रश्न तेवढा उरतो, वादक घाई करत नाहीत.

तेव्हा गायकाने निर्माता कशाला व्हायचं, तर टेपवर कुठे काप द्यायचा आणि कुठे नाही, हे आपल्या हातात राहावं म्हणून.

हे गाणं त्याच आर अँड बी यादीत ११ व्या क्रमांकापर्यंत गेलं आणि १९७० साली त्याच नावाची अख्खी तबकडी आली, घरं, रस्ते, स्वातंत्र्य, एकी अशा एकाच धाग्याच्या गाण्यांची. गायक मार्व्हिन गेची जगभर गाजलेली अशाच स्वरूपाची तबकडी १९७१ ची. कोण आधी, यावर वाद घालण्यात मला रस नाही. मार्व्हिन गेच्या पाठीशी मोटाउनसारखी कंपनी होती आणि सिलच्या पाठीशी सिलच होता, एवढं लक्षात ठेवून दोन्ही ऐकावीत.

कोल्हापूरहून एक वकील: इतक्या लोकांनी त्यांचा आवाज वापरला, तर त्यांना मोबदला मिळाला का? कायदा काय सांगतो?

वकीलसाहेब, काही ठिकाणी मिळाला, काही ठिकाणी भांडून मिळाला, एका ठिकाणी हातातून गेला. तुम्हाला गेलेल्यात रस असेल, म्हणून आधी तो.

१९८० च्या दशकात गाणं मंदावल्यावर सिलने शिकागोत तळलेल्या माशांची दुकानं काढली होती, सॉलोमन्स फिशरी. १९९२ च्या सुमारास त्याला कळलं की रॅपवाले आपल्या जुन्या तबकड्या वापरताहेत. मग तो कामालाच लागला. कुणी काय वापरलं ते शोधायचं आणि मागे लागायचं. सायप्रस हिल या रॅप गटाने ‘इज इट बिकॉज आय’म ब्लॅक’चा तुकडा वापरला म्हणून त्याने केंद्रीय कॉपीराइट कायद्याखाली दावा लावला. अडचण अशी की अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२ पूर्वीच्या ध्वनिमुद्रणाला त्या कायद्याचं संरक्षणच नव्हतं. शब्द आणि चाल यांना होतं, पण टेपवरच्या प्रत्यक्ष आवाजाला नव्हतं, तो राज्यांच्या कायद्यांवर सोडलेला. ध्वनिमुद्रण १९६९ चं. राज्याच्या कायद्याखालचा दावा जोडायला तो गेला तेव्हा न्यायालय म्हणालं, उशीर झाला. २०११ साली शिकागोच्या सातव्या सर्किटच्या अपील न्यायालयानेही तेच कायम केलं. त्या तारखेआधीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय पातळीवर संरक्षण मिळालं ते २०१८ च्या म्युझिक मॉडर्नायझेशन अॅक्टने. तोवर सिल ८२ वर्षांचा झाला होता.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून ६० वर्षं असतो आणि गीतकार-संगीतकाराचा हक्क त्याहून वेगळा, हे तुम्हाला मी सांगायला नको. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकारांना रॉयल्टीचा न सोडता येणारा हक्क मिळाला. टेपवर ज्याचा श्वास आहे आणि कागदावर ज्याचे शब्द आहेत, ते दोन वेगळे हक्क आहेत. हे घोळात गेलं की नुकसान गाणाऱ्याचं होतं. नाशिकच्या विद्यार्थ्याने हे उत्तरही वाचावं. तुकडा वापरायचा तर परवानगीही दोन्हींची लागते.

मिळालेल्याबद्दल: वू-टँग क्लॅन या रॅप गटाने २००० साली ‘हॉलो बोन्स’मध्ये हेच गाणं वापरलं, आणि आपण वू-टँगच्या पैशातून झालेल्या घरात राहतो असं सिल स्वतः सांगायचा. २०११ साली कान्ये वेस्ट आणि जे-झी या रॅपवाल्यांच्या ‘द जॉय’मध्ये त्याचा तो हुंकार आला, त्यावर दावा झाला आणि पुढच्या वर्षी तो न्यायालयाबाहेर मिटला. सिलची मुलगी सिलीना गायिका आहे, आणि २००४ साली कान्येच्याच एका गाजलेल्या गाण्याचं धृपद तिने गायलं होतं. बापाने म्हणून हिशोब सोडला नाही. बरोबर केलं. लोक त्याला पैशासाठी भांडणारा म्हातारा म्हणत. दूधवाल्याने महिन्याचे पैसे मागितले तर आपण त्याला भांडखोर म्हणतो का?

डोंबिवलीहून एक ज्येष्ठ वाचक रागावून: आपल्याकडचे वादक विपन्नावस्थेत गेले, त्यांच्यावर लिहायचं सोडून हा कोण कुठला परदेशी?

काका, तुमचा राग मला मान्य आहे. तुम्ही ज्या क्लॅरोनेटवादकांबद्दल लिहिलंय, त्यांच्याबरोबर मी काम केलं आहे. त्यांच्यावर लिहायला बसले की माझ्याकडे काय असतं? चार आठवणी आणि एक फोटो. कुठल्या गाण्यात ते वाजले याची नोंद नाही. तबकडीवर नाव नाही, वहीत नाव नाही.

सिलच्या बाबतीत ती नोंद कुणीतरी केली, हे मला दाखवायचं आहे. शिकागोतल्या न्यूमेरो ग्रुप या लहान कंपनीने आधी २००७ साली ट्वायनाइटच्या गाण्यांचा एक संग्रह काढला. मग २०१० साली सिलची पहिल्या काळातली ८१ गाणी शोधून, साफ करून, कुणी काय वाजवलं ते लिहून एक पेटी काढली, ६ एलपी आणि ४ सीडींची. लेकीने ती माझ्यासाठी मागवली. पेटीबरोबरचं पुस्तक मी दोन रात्री वाचलं. आपण ऐकलेही नसतील अशा वादकांची नावं त्यात आहेत. त्या पेटीला ग्रॅमीची दोन नामांकनं मिळाली, एक ऐतिहासिक संग्रहाचं आणि एक त्या लेखनाचं. चार-पाच माणसांच्या ऑफिसने हे केलं. आपल्या क्लॅरोनेटवाल्यांसाठी हे कुणी करणार असेल तर मी टेपा साफ करायला येईन, पैसे नकोत. तुम्ही ओळखत असाल तर त्यांच्या घरच्यांकडे वह्या, डायऱ्या, मानधनाच्या पावत्या शिल्लक आहेत का ते विचारून ठेवा. पावती फार उपयोगी असते, तिच्यावर तारीख असते.

वर्ध्याहून एक वाचक: मेम्फिसमध्ये गायले म्हणता, मग प्रसिद्धी का मिळाली नाही?

कारण खोलीत अॅल ग्रीन हा गायक होता. १९७१ च्या सुमारास सिल मेम्फिसच्या हाय रेकॉर्ड्स या कंपनीकडे गेला. निर्माता विली मिचेल, वादक हॉजेस बंधू, ड्रमवर वर सांगितलेले ग्राइम्स. तीच खोली, तेच वादक, तोच निर्माता, आणि त्यातच अॅल ग्रीनच्या तबकड्या लाखांनी खपत होत्या. कंपनीचं लक्ष कुणाकडे असणार? तिथल्या तीन तबकड्या चांगल्या आहेत, वादन तर अप्रतिम. पण माझं मत सांगते, तिथे सिल दुसऱ्याच्या घरात जपून वावरतो तसा गातो. एक अपवाद ‘टेक मी टू द रिव्हर’. गाणं अॅल ग्रीन आणि टीनी हॉजेसचं, अॅल ग्रीनने आधी गायलेलं, पण त्याचं सिंगल निघालंच नाही. सिलचं निघालं, आणि १९७५ साली ७ व्या क्रमांकावर गेलं. त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात वर गेलेलं गाणं. मध्ये जो माउथ ऑर्गन वाजतो तो सिलचाच, मॅजिक सॅमच्या गल्लीतला.

पणजीहून एक वाचक: ते अजून गातात का?

नाही. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी गेले, ८५ व्या वर्षी. सहाच दिवस आधी, ३१ जानेवारीला, थोरला भाऊ जिमी गेला होता, ९३ वर्षांचा, तोही ब्लूजचा मोठा गिटारवादक. सिलचं नाव झाल्यावर जिमीनेही जॉन्सन हेच आडनाव लावलं. २००२ साली दोघांनी मिळून एक तबकडी केली, तिच्या नावात ‘दोन जॉन्सन’ आहेत. बास वाजवणारा मॅक तेवढा थॉम्पसन राहिला. सिलवर २०१५ साली एक माहितीपटही आला, तो मिळाला तर जरूर बघा.

लातूरहून एक शिक्षिका: वेळ कमी असतो. तीनच गाणी सांगा.

‘डिफरंट स्ट्रोक्स’, ‘टेक मी टू द रिव्हर’ आणि शेवटी ‘इज इट बिकॉज आय’म ब्लॅक’चं लांब रूप. सिंगल नको, मोठ्या तबकडीवरचं शोधा, लांबी बघून खात्री करा. फोनच्या स्पीकरवर ऐकलंत तर बास ऐकूच येणार नाही आणि गाणं अर्धं जाईल, तेव्हा साधे का होईना, हेडफोन लावा. मुलं झोपल्यावर ऐका. चौथं ऐकायला वेळ निघालाच तर नोटेशन्सचं ‘आय’म स्टिल हिअर’. त्यात सिलचा आवाज शोधू नका, तो गायलेला नाही. मधल्या मोकळ्या जागा ऐका.